१९११ सालच्या कागदावर ‘कॉम्प्युटर’ हा हुद्दा कसा?

एका ताईंचा प्रश्न असा: पणजोबांच्या ट्रंकेत १९११ सालचा एक इंग्रजी कागद सापडलाय. देहरादूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या, म्हणजे सरकारी भूमापन खात्याच्या, कार्यालयाचा, रजा मंजूर केल्याचा. पणजोबांच्या नावापुढे हुद्दा लिहिलाय ‘कॉम्प्युटर’. त्यावरून घरात वाद चाललाय. भाऊ म्हणतो, त्या काळी कॉम्प्युटर कुठले, हा कागद नंतर कुणीतरी तयार केलाय. काका म्हणतात, कागद अस्सल आहे, पण टाइप करणाऱ्याने ‘कंपाउंडर’ किंवा ‘कंपोझिटर’च्या जागी चुकून हे टाकलं. कुळवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची आहे, तर पणजोबांची नोंद काय लिहावी?

ताई, कागद तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. त्यामुळे शाई, शिक्का, सही यांवरून तो अस्सल आहे का, हे मी इथून सांगू शकत नाही. पण जुने इंग्रजी सरकारी कागद वाचून त्यांचा अर्थ लावणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, आणि हुद्द्यापुरतं ठामपणे सांगते: तो बरोबर आहे. १९११ साली ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करण्यासाठी नेमलेला पगारी माणूस. सर्व्हे ऑफ इंडियात तर हे पद पणजोबांच्या आधी ऐंशी वर्षं तरी होतंच. या शब्दामुळे कागदावर संशय येण्याचं काही कारण नाही. उलट १९११ च्या कागदावर ‘कॉम्प्युटर ऑपरेटर’ असं असतं, तर मीही शंका घेतली असती.

इथपर्यंतचं उत्तर सोपं आहे. खरी अडचण पुढची आहे. पणजोबा ‘कॉम्प्युटर’ होते हे मान्य केलं, तरी ते साधे कारकून होते, गणिती होते की अधिकारी होते, हे एकट्या शब्दावरून ठरत नाही. कुळवृत्तांतात लोक इथेच घसरतात. कुणी ‘कारकून’ लिहून माणसाला लहान करतं, कुणी ‘कॉम्प्युटर इंजिनिअर’ लिहून भलतंच करून ठेवतं. हुद्द्याचं नाव कागदावर तसंच राहतं आणि त्याखालचं काम, पगार, मान हे सगळं कार्यालयागणिक आणि दशकागणिक बदलत जातं. म्हणून शब्दाचा प्रवास थोडा सविस्तर सांगते. तो कळला की तुमच्या कागदावरच्या बाकीच्या ओळी काय सांगतात हे तुम्हालाच दिसू लागेल.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून छापील पुस्तकांत सापडतो आणि तिथे तो माणसासाठीच आहे: हिशेब करणारा, काळ मोजणारा. नोकरी म्हणून त्याला ठसठशीत रूप आलं ते इंग्लंडच्या ‘नॉटिकल अल्मनॅक’मुळे. समुद्रात जहाजाचे रेखांश काढायला चंद्राच्या स्थानाची कोष्टकं लागत. नेव्हिल मॅस्केलिन या राजज्योतिषाने १७६७ सालासाठी पहिलं अल्मनॅक काढलं आणि कोष्टकांची आकडेमोड करायला देशभर ‘कॉम्प्युटर’ नेमले. ही माणसं आपापल्या घरी बसून काम करत. मॅस्केलिन छापील सूचना पाठवायचा, ते भरलेले तक्ते टपालाने परत पाठवायचे, आणि मोबदला कामाप्रमाणे मिळायचा.

यातली एक पद्धत नीट लक्षात घ्या, कारण ती पुढे जगभर गेली. एकच गणित दोन कॉम्प्युटरांना वेगवेगळं दिलं जाई. दोघांनी एकमेकांचं पाहायचं नाही. दोघांची उत्तरं तिसऱ्या माणसाकडे जात, त्याला ‘कंपेअरर’ म्हणत. तो ओळीला ओळ लावून बघे. १७७० च्या सुमारास दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांचं उतरवल्याचं असंच तपासणीत उघड झालं, आणि दोघांचं काम गेलं. आकडे जुळले म्हणून गणित बरोबर असा तिथे अर्थ नव्हता, ते स्वतंत्रपणे जुळले पाहिजेत हा नियम होता. जुन्या हिशेबाच्या कागदाखाली दोन-दोन, तीन-तीन आद्याक्षरं दिसतात ती यासाठी.

याच अल्मनॅकच्या कामात मेरी एडवर्ड्स ही बाई होती. सुरुवातीला काम नवऱ्याच्या नावावर, आकडेमोड मात्र बरीचशी तिची. १७८४ मध्ये नवरा वारला तेव्हा तिने मॅस्केलिनकडे काम सुरू ठेवण्याची विनंती केली, आणि तो त्या कामावर घर चालवणारी कॉम्प्युटर म्हणून तिच्या स्वतःच्या नावाने पैसे देऊ लागला. तिच्यामागून मुलगी एलायझाही हेच करत होती. १८३० च्या दशकात अल्मनॅकचं काम लंडनच्या एका कचेरीत एकवटलं, घरून काम बंद झालं, आणि सरकारी नोकरीत बायकांना जागा नव्हती म्हणून एलायझाचं काम संपलं. कामाची जागा बदलली आणि ते काम कुणी करायचं हेही बदललं. हुद्दा होता तोच राहिला.

त्याच सुमारास ग्रिनिचच्या वेधशाळेत जॉर्ज एअरीने मुलांना कॉम्प्युटर म्हणून घेतलं, बारा-तेरा वर्षांपासूनची शाळकरी पोरं. सुरुवातीच्या वर्षांत सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये जेवणाची एक सुट्टी. प्रत्येकासमोर छापील चौकटींचा फॉर्म, त्यात बेरीज कुठे, वजाबाकी कुठे, लॉग (गुणाकार-भागाकार सोपा करणारा कोष्टकातला आकडा) कुठून घ्यायचा हे आधीच आखलेलं. इथे ‘कॉम्प्युटर’ म्हणजे कमी पगाराचा, सहज बदलता येणारा पोरगा. मग १८९० मध्ये याच वेधशाळेत काही सुशिक्षित तरुणी कॉम्प्युटर म्हणून आल्या. केंब्रिजमध्ये गणित शिकलेली ॲनी रसेल त्यांतलीच, पगार महिना चार पौंड. पुढे ॲनी माँडर या नावाने सूर्यावरच्या डागांच्या अभ्यासासाठी ती ओळखली गेली. तिकडे अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंगने काचेच्या छायाचित्रपट्ट्या वाचायला बायका नेमल्या, त्यांनाही कॉम्प्युटरच म्हणत. त्यांपैकी हेन्रिएटा लेविटने तेजस्विता कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांचा जो नियम १९१२ मध्ये मांडला, त्याच्या आधारावर पुढे दीर्घिकांची अंतरं काढता आली.

म्हणजे तुमच्या पणजोबांच्या रजेच्या कागदाच्या आसपासच्या काळात, एकाच शब्दाखाली लेविटसारखी संशोधक होती आणि दिवसभर बेरजा करणारा पोरगाही होता. म्हणूनच मी म्हणते, एकट्या शब्दावरून दर्जा ठरवू नका.

आता आपल्याकडे येते. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ भूमापनाची पहिली रेघ मोजली आणि पुढे त्यातून ‘ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे’ उभा राहिला. हा लॅम्ब्टन काम करता करता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याचं थडगं तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांनी पाहिलं नसेल तर जरूर पाहावं. त्याच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. त्याला उत्तम गणित येणारी माणसं हवी होती. १८३१ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला राधानाथ सिकदार हा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण ‘कॉम्प्युटर’ म्हणून लागला. पुढे तोच ‘चीफ कॉम्प्युटर’ झाला. ‘शिखर क्रमांक पंधरा’च्या, म्हणजे आजच्या माउंट एव्हरेस्टच्या, उंचीचा जो हिशेब या खात्यात झाला, त्याच्याशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. १८५६ मध्ये ती उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली आणि शिखराला साहेबाचं नाव मिळालं. खात्याच्या मोजणीच्या इंग्रजी पुस्तकात गणिताच्या प्रकरणांसाठी सिकदारचे आभार मानले होते. तो वारल्यानंतर निघालेल्या १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख काढून टाकला, आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून त्यावर टीकाही झाली. कॉम्प्युटर हा हुद्दा असलेल्या माणसाचं काम किती मोठं असू शकतं आणि त्याचं नाव किती सहज गळू शकतं, हे दोन्ही या एका माणसाच्या बाबतीत दिसतं. तुमच्यासारखं कुणी पणजोबांचा हुद्दा समजून घ्यायला धडपडतं तेव्हा मला मनापासून बरं वाटतं ते याचमुळे.

तर १९११ मध्ये देहरादूनला बसून हा माणूस दिवसभर करत काय असेल? खात्यात बरीच वेगवेगळी कामं होती, त्यामुळे नेमकं कुठलं हे कागदाशिवाय सांगता येणार नाही. पण मुख्य काम त्रिकोणांचं. डोंगरमाथ्यांवरून थिओडोलाइट या दुर्बीण लावलेल्या यंत्राने कोन मोजून आणायचे, आणि कचेरीत त्यांवरून अंतरं, अक्षांश, रेखांश काढायचे. शाळेत आपण शिकतो की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. जमिनीवर मोठा त्रिकोण घेतला तर पृथ्वी गोल असल्यामुळे ती थोडी जास्त भरते. पन्नास किलोमीटर बाजूंचा समभुज त्रिकोण असेल तर जास्तीचा भाग साधारण साडेपाच विकला, म्हणजे एका अंशाच्या सहाशेपन्नासाव्या भागाच्या आसपास. हा जास्तीचा भाग आधी हिशेबाने काढायचा. मोजलेल्या कोनांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहायची, जी तफावत उरेल ती मोजणीतली चूक समजून तिन्ही कोनांवर वाटायची. मग जास्तीच्या भागाचा एक तृतीयांश प्रत्येक कोनातून वजा करायचा, आणि तेव्हा कुठे शाळेतली साधी त्रिकोणमिती लावता यायची. बाजू काढताना गुणाकार-भागाकार टाळायला सात आकडी लॉगॅरिदमची कोष्टकं. एका त्रिकोणाची बाजू ही पुढच्या त्रिकोणाचा पाया, म्हणून एक आकडा चुकला की तो साखळीभर चुकत जाणार.

असे हिशेबाचे फॉर्म मी हाताळलेत. डावीकडे स्थानकांची नावं, मध्ये अंश-कला-विकला, उजवीकडे लॉगच्या सात आकड्यांचे उभे रकाने. आकडे इतके एकसारखे की छापलेत असं वाटावं. एखादा आकडा चुकलाच तर तो खरवडलेला नसतो. त्यावर एक बारीक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, आणि शेजारी आद्याक्षर. खाली एकाने हिशेब केल्याची नोंद, दुसऱ्याने स्वतंत्रपणे केल्याची, तिसऱ्याने ताडून पाहिल्याची. तुमच्या घरी पणजोबांचं लॉगॅरिदमचं पुस्तक किंवा अशा आखीव फॉर्मची एखादी कोरी प्रत निघाली, तर ती रद्दीत घालू नका. काही वेळा समासातल्या खुणांवरूनही काम कोणतं होतं ते कळतं.

त्रिकोणांशिवाय खात्यात भरती-ओहोटीचंही काम चालायचं. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक यंत्राच्या नोंदी आहेत. अशा नोंदींतून चंद्राचा परिणाम किती, सूर्याचा किती, हे वेगळं करायला महिनोन् महिने आकडेमोड लागे, ती कॉम्प्युटर करत. त्यांनी काढलेल्या अंकांवरून पुढच्या वर्षाच्या भरतीची वेळ सांगणारं दातेरी चाकांचं एक यंत्र लंडनमध्ये होतं. त्या यंत्राला ‘टाइड प्रेडिक्टर’ म्हणत. माणूस कॉम्प्युटर आणि यंत्र प्रेडिक्टर, असा तेव्हाचा व्यवहार होता. बेरीज-गुणाकाराची हातयंत्रंही १९११ मध्ये बाजारात होती, त्यांना ‘ॲरिथमोमीटर’ किंवा ‘कॅल्क्युलेटिंग मशीन’ म्हणत.

यावरून काकांच्या शंकेचंही उत्तर मिळतं. मोजणीच्या खात्यात कंपाउंडर आणि कंपोझिटर अगदीच नसतील असं नाही. खात्याचा नकाशांचा छापखाना होता, फिरत्या तुकड्यांबरोबर औषधपाणी असे. पण ज्या खात्यात ‘कॉम्प्युटर’ हे नेहमीचं पद होतं, तिथे तो शब्द दिसल्यावर टंकलेखनाची चूक समजायला वेगळा पुरावा हवा. जुना कागद वाचताना माझा नियम हाच आहे: कागदावर जे लिहिलंय त्याचा त्या कचेरीत सरळ अर्थ लागत असेल, तर आधी तोच धरायचा.

आता हा शब्द माणसाकडून यंत्राकडे गेला कधी? एक तारीख सांगता येत नाही, पण ओळखण्याची एक खूण आहे आणि ती मी रोज वापरते. विशेषण कुणाला लावलंय ते बघायचं. नुसतं ‘कॉम्प्युटर’ म्हटल्यावर ज्याचा बोध होतो त्याला विशेषण लागत नाही, दुसऱ्याला लागतं. १९४० च्या दशकात यंत्राला ‘इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर’, ‘ऑटोमॅटिक कॉम्प्युटर’ असं म्हणावं लागे, कारण नुसता शब्द माणसाचा होता. पुढे यंत्राचं विशेषण गळलं आणि माणसालाच ‘ह्यूमन कॉम्प्युटर’ म्हणायची वेळ आली. शकुंतलादेवींना ‘मानवी संगणक’ म्हटलं जाई ते याच दुसऱ्या काळात. १८३१ मध्ये सिकदारला कुणी तसं म्हटलं नसतं, तेव्हा त्या विशेषणाला काही अर्थच नव्हता.

ॲलन ट्युरिंगचा १९३६ चा प्रसिद्ध निबंध वाचताना आजचे विद्यार्थी इथेच गोंधळतात. त्यातला ‘कॉम्प्युटर’ कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस आहे. त्याच्यापुढे मुलांच्या गणिताच्या वहीसारखा चौकटींचा कागद आहे, आणि तो माणूस पायरी-पायरीने काय करतो हे पाहून ट्युरिंग आपलं कल्पनेतलं यंत्र रचतो. त्या शब्दाच्या जागी यंत्र कल्पून वाचलं तर सगळा युक्तिवाद उलटा होतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टकं करायला मोठ्या संख्येने मुली कॉम्प्युटर म्हणून भरती झाल्या. एका मार्गाचं गणित टेबलावरच्या यंत्राने करायला तीस-चाळीस तास लागत. कामाच्या मोजमापाला ‘किलोगर्ल’ असा शब्दही तेव्हा कुणी वापरला होता, म्हणजे साधारण हजार तासांचं मुलींचं काम. फिलाडेल्फियात एनिॲक हे यंत्र उभं राहिलं, १९४६ मध्ये ते जगाला दाखवलं, तेव्हा तेच गणित अर्ध्या मिनिटात झालं. त्या यंत्राला कामाला लावणाऱ्या सहा जणी याच कॉम्प्युटर मुलींमधून निवडलेल्या होत्या. एनिॲकच्या इंग्रजी लांबलचक नावातलं शेवटचं अक्षर ‘कॉम्प्युटर’चं आहे. म्हणजे त्या खोलीत काही काळ दोन्ही कॉम्प्युटर एकत्र होते. याच गोंधळामुळे बेल लॅबोरेटरीच्या जॉर्ज स्टिबिट्झने १९४५ च्या एका अहवालात स्पष्ट लिहून ठेवलं की यापुढे कॉम्प्युटर म्हणजे यंत्र समजावं आणि माणसांना ‘ऑपरेटर’ म्हणावं. शब्द हातातून जाताना इतक्या स्वच्छपणे कागदावर क्वचितच दिसतो.

पण अहवालात लिहिलं म्हणून सगळीकडे लगेच बदललं नाही. केंब्रिजच्या १९४९ च्या यंत्राच्या नावात ‘कॅल्क्युलेटर’ आहे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी घडवलेलं यंत्र १९६० मध्ये चालू झालं. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालं, त्यातही शेवटचा शब्द ‘कॅल्क्युलेटर’च. अमेरिकेच्या लँग्ली या विमान-संशोधन केंद्रात १९३५ पासून स्त्रिया कॉम्प्युटर म्हणून होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांचा वेगळा विभाग होता, त्याची प्रमुख डोरोथी व्हॉन. कॅथरीन जॉन्सन याच विभागातून पुढे आल्या. १९६२ मध्ये अंतराळात जाण्यापूर्वी जॉन ग्लेनने यंत्राने काढलेले आकडे त्यांच्याकडून हाताने तपासून घ्यायला सांगितलं. तोवर नुसता शब्द बहुतांशी यंत्राचा झाला होता.

आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांत? तिथे पदाचं नाव बदलायला मंजुरी लागते, म्हणून शब्द जास्त काळ टिकतो. जनगणनेच्या १९७१ आणि १९८१ च्या इंग्रजी ग्रंथांत सुरुवातीला कर्मचाऱ्यांच्या याद्या असतात. त्यांत ‘स्टॅटिस्टिकल असिस्टंट’, ‘असिस्टंट कंपायलर’ यांच्या शेजारी ‘कॉम्प्युटर’ म्हणून माणसांची नावं आहेत, बऱ्याचदा इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ऐवजी ‘ओ’ घालून. तोवर जगात यंत्राला तोच शब्द रुळला होता. त्यामुळे अमुक सालानंतर कॉम्प्युटर म्हणजे यंत्रच, असं सरसकट धरता येत नाही. कुणाच्या वडिलांच्या १९७५ च्या नेमणूकपत्रावर हा हुद्दा असेल, तर ते यंत्रावर बसत होते असं लगेच समजू नका.

हा प्रकार फक्त याच शब्दाचा नाही, म्हणून एक छोटं विषयांतर. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत ‘रायटर’ म्हणजे नोकरीच्या पहिल्या पायरीवरचा गोरा पोरगा. रॉबर्ट क्लाइव्ह आणि वॉरन हेस्टिंग्ज दोघेही ‘रायटर’ म्हणून हिंदुस्थानात आले. आज आपल्या पोलीस ठाण्यात ‘रायटर’ म्हणजे नोंदी लिहिणारा हवालदार. तसंच ‘फॅक्टर’. सतराव्या शतकात राजापूरच्या इंग्रजांच्या ‘फॅक्टरी’बद्दल वाचून तिथे काही माल तयार होत होता असं समजणारे मला भेटतात. ती वखार होती, फॅक्टर म्हणजे कंपनीचा व्यापारी गुमास्ता जिथे राही आणि माल साठवी ती जागा.

ताई, आता तुमच्या कागदाकडे. पुढच्या गोष्टी बघा आणि जमलं तर इथे लिहा. हुद्द्याच्या आधी काही शब्द आहे का? ‘चीफ’, ‘हेड’, ‘असिस्टंट’ किंवा ‘टेंपररी’ असं काही असेल तर त्याने बराच फरक पडतो. पगाराचा आकडा असेल तर तो त्याच कागदावरच्या इतरांच्या पगाराशी ताडून बघा. आजच्या रुपयांत बदलून त्यातून फारसं काही कळत नाही. रजा कुणी मंजूर केली, कोणत्या विभागाच्या प्रमुखाने, यावरून पणजोबा त्रिकोणांच्या कामात होते की भरतीच्या, हे कळू शकतं. कागदावर संदर्भ क्रमांक असेल तर तो नीट उतरवून ठेवा. पुढच्या शोधाची किल्ली बहुधा तोच असतो. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सर्व्हे ऑफ इंडियाचे कागद आहेत, आणि त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते. नावाचं इंग्रजी स्पेलिंग निरनिराळ्या तऱ्हांनी टाकून बघा. मराठी आडनावांची तर साहेबी कागदांत तीन-तीन रूपं होतात.

नोंदीबद्दल माझा सल्ला असा. हुद्दा जसाच्या तसा अवतरणात ठेवा आणि शेजारी काम एका वाक्यात सांगा. उदाहरणार्थ: “सर्व्हे ऑफ इंडिया, देहरादून येथे ‘कॉम्प्युटर’ या पदावर नोकरी (१९११ च्या रजेच्या कागदानुसार). भूमापनाच्या नोंदींवरून गणिती आकडेमोड करणाऱ्या कर्मचाऱ्याचं हे पद होतं.” कंसातला आधार वगळू नका. नोकरी कधी लागली, कधी संपली हे माहीत नसेल तर अंदाजाने वर्षं भरू नका. एव्हरेस्टची उंची काढण्यात पणजोबांचा हात होता असं कुणी सुचवलं तर तेही घालू नका. ते काम त्यांच्या नोकरीच्या पन्नास-साठ वर्षं आधीचं आहे. पुढे सर्व्हिस बुक किंवा पेन्शनचे कागद मिळाले आणि त्यांतून विभाग, पगार, बढती कळली, तर ती माहिती पुढच्या आवृत्तीत याच वाक्याला जोडता येईल.